परीक्षकबाई गच्चीवर अडकल्या त्याची हकीकत

कांजूरमार्ग (पूर्व)
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

आदरणीय मामा,

तुम्हाला आणि मामीला मनापासून जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होती की डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही गुडघ्याला न बांधता बागेच्या फाटकाला बांधलाय, कारण फाटक जास्त कुरकुरतं. आंबिया बहाराची संत्री कशी धरलीत? वानरं अजून येतात का? इथे सगळे खुशाल आहेत असं सुरुवातीला लिहून टाकलं की पुढे काहीही लिहायला माणूस मोकळा होतो, म्हणून लिहिते: इथे सगळे खुशाल आहेत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोनवर फक्त 'हं' म्हणता, आणि तो 'हं' ऐकला की मी पुन्हा तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. चूक सापडलेली असते आणि मी ती आपण होऊन सांगावी म्हणून तुम्ही थांबलेले असता. त्यापेक्षा पत्र बरं. (शुद्धलेखन लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवलंत तरी चालेल. गेल्या वेळचं आईनं जपून ठेवलंय, माझ्या मजकुरासाठी नव्हे, भावाच्या अक्षरासाठी.)

माझी पीएच.डी. कशात आहे हे तुम्ही दर दिवाळीत विचारता आणि मी 'कॉम्प्युटरमध्ये' म्हणून सुटते. आज सुटता येणार नाही, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तर यंत्रानं काय करायचं ते त्याला सांगायला भाषा लागते. अशा भाषा शेकड्यांनी आहेत, तरी माझ्यासारखी माणसं आणखी नव्या बनवत बसतात. (का, ते विचारू नका. माझे गाईड सुशांत सर मला सारखं तेच विचारतात.) मी बनवली तिचं नाव 'सावध'. अशा बऱ्याच भाषांत साचे असतात, मामीच्या चकलीच्या साच्यासारखे. साचा एक, चकल्या हव्या तेवढ्या पाडा. पण इथे एका साच्यावरून दुसरा साचाही काढता येतो. मग पहिला झाला आई-साचा आणि दुसरा लेक-साचा, आणि आईच्या अंगात जे असेल ते लेकीच्या अंगात न मागता उतरतं. याला आमच्यात वारसा म्हणतात. 'सावध' भाषेत सगळ्यांत वर एकच आई आहे, तिचं नाव 'यंत्र'. पंप, दिवे, कुलूप या तिच्या लेकी. आणि त्या आईच्या अंगात मी सगळ्यात पहिला नियम लिहिला तो असा: शंका आली तर थांब.

हा नियम कुठून आला ते तुम्हाला सांगायला नको, पण सुशांत सरांना सांगावं लागलं होतं. बाबा वायरमन होते आणि मुलुंडच्या एका कामावर जो पंप बंद आहे असं त्यांना सांगितलं होतं, तो बंद नव्हता. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की प्रस्तावनेत हे लिहू नकोस, परीक्षकांना पुरावा लागतो. म्हणून मी तिथे 'सुरक्षेच्या दृष्टीने' असं लिहिलं. झालं ते एवढ्या दोन शब्दांत मावलं.

आईचं तुम्ही बघितलंच आहे. तेव्हापासून ती एकाही बटणाला हात लावत नाही. पायात रबरी चप्पल घालते आणि लाटण्याच्या टोकानं बटण दाबते. आमच्या घरातल्या प्रत्येक स्विचला पिठाचा ठिपका आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मी डिझाइन आहे म्हणून सांगते. मी तिला हसत असे, मामा. माझ्या भाषेचा पहिला नियम आणि तिचं लाटणं एकच आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर मला राग आला असता.

भाषा नुसती कागदावर चालत नाही, खऱ्या यंत्रांवर चालवून दाखवावी लागते. त्यासाठी मी आमच्या बिल्डिंगला गळ घातली. सेक्रेटरी नंदकुमार परब, म्हणजे आमचे नंदकुमार काका (मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः आता निवृत्त आणि म्हणून चोवीस तास सेक्रेटरी), हो म्हणाले, कारण टाकी वाहून जायची आणि त्यावरून दर मीटिंगला जुंपायची. मी तीन ठिकाणी पेट्या बसवल्या. एक पंपाला, एक जिन्यातल्या आणि गच्चीवरच्या दिव्यांना, एक गच्चीच्या दाराच्या कुलपाला. प्रत्येक पेटीवर छोटा पडदा आणि एक हिरवं बटण. यंत्राला काही वावगं वाटलं की ते थांबतं आणि पडद्यावर ओळ उमटते: 'मला शंका आली म्हणून थांबलो आहे. आधी बघा, मग बटण दाबा.' पावसाळाभर सगळं झकास चाललं. टाकी एकदाही वाहिली नाही. लोकांना भांडायला दुसरे विषय शोधावे लागले.

आणि मग माझा प्रबंध परीक्षेला गेला डॉ. रत्नप्रभाबाईंकडे.

या बाईंचं नाव आमच्या कॉलेजात हळू आवाजात घेतात. त्यांनी एका मुलाचा प्रबंध 'का?' एवढंच लिहून परत पाठवला होता म्हणे. त्यांचा गाजलेला निबंधच या विषयावर आहे की साच्यांमधला वारसा ही भाषांना लागलेली कीड आहे. वर आईत एक अक्षर बदललं की खाली लेकींची वाट लागते आणि कुणाला कळतही नाही. (वाट लागते हे माझे शब्द. त्यांनी ते इंग्रजीत आणि आकृत्या काढून सांगितलंय.) आणि मी त्यांच्याकडे पाठवली होती वारशावर उभी केलेली अख्खी भाषा. मला अन्न जाईना. मी त्यांचे जुने लेख पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रत्येक लेखात मला माझंच नाव दिसायला लागलं. मग त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं: चालताना बघायचं आहे. म्हणजे बाई कॉलेजात नाही, थेट आमच्या बिल्डिंगमध्ये येणार.

भीतीनं माणूस पळतो किंवा गोठतो असं म्हणतात. मी तिसरंच केलं, दुरुस्ती केली. बाई यायच्या आदल्या दिवशी दुपारी मला वाटलं, प्रत्येक यंत्र आपापल्यापुरतं थांबतं, हे काही फार सावध दिसत नाही. म्हणून आई-साच्यात मी एक ओळ वाढवली: एकाला शंका आली की सगळ्यांना कळव, आणि सगळे थांबा. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरात गॅसचा वास आला की सातही मजले खिडक्या उघडतात, तसंच. तसंच उलटही: कुठल्याही एका पेटीचं बटण दाबलं की सगळी पुन्हा सुरू. टेबलावर खेळण्यातल्या बल्बवर चालवून बघितलं, चाललं. सरांना सांगितलं नाही. ते 'बघू' म्हणाले असते.

खाली नंदकुमार काकांचीही दुरुस्ती चालली होती. त्यांनी दारात रांगोळी काढायला लावली, परीक्षक असेपर्यंत लिफ्ट कुणी वापरू नये अशी पाटी लावली, सकाळीच गच्ची धुऊन घेतली आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लावलेल्या दिव्यांच्या माळा, ज्या उतरवायच्या राहिल्या होत्या, त्या भर दुपारी पेटवून ठेवल्या. उन्हात त्या दिसत नव्हत्या. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "चेडवा, दिसूक नको, असूक होयी." स्वतः मुलाच्या लग्नातला ब्लेझर घालून फाटकात उभे राहिले, ऑक्टोबरच्या उन्हात.

बाई आल्या. बुटक्या, पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. मी मनात जी बाई उभी केली होती ती निदान दाराएवढी तरी उंच होती. त्या रांगोळीला वळसा घालून आत आल्या आणि आधी पंप दाखव म्हणाल्या. पंप बघितला. पेटीवरचं बटण बघितलं. 'हं' म्हणाल्या. (मामा, अगदी तुमचा 'हं'.) मग म्हणाल्या, पाणी किती आहे हे पंपाला कुणी सांगतं? मी म्हटलं, वर टाकीत सेन्सर आहे. म्हणाल्या, चला वर.

आम्ही चौघं वर गेलो: बाई, सुशांत सर, नंदकुमार काका आणि मी. गच्चीचं दार आमच्यामागे आपोआप लागलं, जसं लागायला हवं तसं. फरशी ओली होती. वारा फिरलेला होता, त्यामुळे कांजूरच्या डम्पिंगवरच्या कचऱ्याचा वास होता आणि वर घारी फिरत होत्या. काका त्याबद्दल बाईंची माफी मागत होते, जणू वासही कमिटीनंच ठेवला होता. टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी शिडीकडे बोट दाखवून मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्याला खालून येणारी पंपाची घरघर बंद पडली. दाराच्या कुलपात खट्ट झालं. मग सगळं शांत.

तो आवाज, म्हणजे आवाज नसणं, मी विसरणार नाही. मी दार ओढलं. दार उघडेना. पंपाला कसली तरी शंका आली होती, त्यानं माझ्या नव्या ओळीप्रमाणे सगळ्यांना कळवलं होतं आणि सगळे थांबले होते. कुलूपही थांबलं होतं, आणि कुलपाला थांबणं म्हणजे काय ते मी कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते जसं होतं तसं थांबलं, बंद. त्याची पेटी दाराच्या पलीकडे, जिन्याच्या बाजूला. आम्ही चौघं अलीकडे. सुशांत सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं की काल तू काही बदललंस का. मी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला अजून माहीत नाही.

आईला फोन केला. तिला सांगितलं की वर ये, दाराशी पेटी आहे, हिरवं बटण दाब. जिन्यातले दिवेही थांबलेले, म्हणजे तिला सात मजले अंधारात चढायचे होते (लिफ्ट ती एरवीही वापरत नाही), आणि वर जाऊन एका विजेच्या पेटीला हात लावायचा होता. मला वाटलं ती शेजारच्या कुणाला तरी पाठवेल. पण थोड्या वेळानं दाराच्या फटीतून रबरी चपलांचा आवाज आला आणि तिचा श्वास. मागून आणखी पावलं. निम्मी बिल्डिंग तिच्या मागे जिन्यात जमली होती, पण तिला ओलांडून पेटीला हात लावायला कुणी पुढे आलं नाही. ती पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचत होती, एकेक शब्द, तुम्ही तिला वाचायला शिकवलंत तशी. मग म्हणाली की यात लिहिलंय आधी बघा. काय बघू?

मी म्हटलं, काही नाही गं, दाब. ती म्हणाली, काही नाही तर मग लिहिलंय कशाला.

मामा, ते मीच लिहिलं होतं.

उन्हानं डोकं तापलं होतं. काकांनी ब्लेझर काढला. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला, झाकण लावलं आणि दाराजवळ येऊन स्वतः बोलल्या.

"ताई, दाबा बटण. काही होत नाही."

"काही होत नाही, असं त्यांना पण सांगितलं होतं," आई दारापलीकडून म्हणाली. "तुम्ही आधी बघा काय झालंय ते. मी इथंच उभी आहे."

कुणाला सांगितलं होतं, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा बदलला, रागानं की कशानं, मला कळलं नाही. "ठीक आहे, मीच बघते," म्हणाल्या आणि पदर खोचून ओल्या शिडीला हात घातला. या वयात त्या भराभर चढल्या. टाकीचं झाकण सरकवून आत वाकून बघायला लागल्या.

आता मी जे लिहिणार आहे ते आईला माहीत आहे, सरांना माहीत आहे, आणि आता तुम्हाला. बाई शिडीवर होत्या. मला त्या शिडीची भीती वाटत नव्हती. मला त्यांची वाटत होती. त्या खाली उतरतील आणि विचारतील की काय शंका आली होती तुझ्या यंत्राला, आणि मला उत्तर येणार नाही. त्याआधी निदान दार उघडलेलं असावं, निदान काहीतरी चालताना दिसावं. मी फटीला तोंड लावलं आणि दबक्या आवाजात म्हटलं, "आई, दाब ना गं. प्लीज. माझी लाज जातेय."

"त्या बाई खाली उतरू देत," आई म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. तिनं बटण दाबलं नाही.

बाई उतरल्या. टाकीत काही नाही म्हणाल्या, पाणी स्वच्छ आहे. मग शेवटच्या पायरीवरून पाय काढताना खाली बघत त्यांनी विचारलं की ही वायर इथे कशाला आहे.

दिव्यांची माळ होती ती. शिडीच्या वरच्या टोकाला बांधलेली, वाऱ्यानं सुटून खाली घसरलेली. तिच्या मधल्या जोडावर चिकटपट्टीऐवजी दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला होता, तो सुटला होता, आणि उघडी तार ओल्या लोखंडाच्या पायरीवर पडली होती. जिथून बाई चढल्या आणि उतरल्या त्याच पायरीवर.

मी वायरमनची मुलगी आहे. मला समजायला वेळ लागला नाही. मी सगळ्यांना लांब उभं केलं, गच्चीच्या दिव्यांच्याच लाइनवर लावलेला माळेचा प्लग भिंतीतून उपटला, सुक्या बांबूनं जोड बाजूला ढकलला, आणि मग दाराशी जाऊन म्हटलं की आई, बघितलं, आता दाब. लाटण्याचा टक्क आवाज आला. कुलूप उघडलं.

नंतर इलेक्ट्रिशियननं सगळ्यांना खाली पाठवून, तार परत तशीच ठेवून, प्लग लावून टेस्टरनं तपासलं. शिडी जिवंत होती. झालं होतं असं: माळेतला करंट शिडीतून टाकीपर्यंत उतरला, त्यानं सेन्सर भलतेच आकडे द्यायला लागला, पंपाला शंका आली. माझी जुनी भाषा असती तर एकटा पंप थांबला असता, गच्चीवरचे दिवे चालू राहिले असते, आणि बाई त्या शिडीवर चढल्या असत्या. नव्या ओळीनं दिवेही थांबवले म्हणून माळेतला करंट गेला, म्हणून बाई चढून उतरल्या. आणि त्या वर असताना आईनं बटण दाबलं असतं तर सगळं पुन्हा सुरू झालं असतं. (मेन पेटीतला जो खटका अशा वेळी आपोआप पडायला हवा तो सारखा पडतो म्हणून कमिटीनं काढून टाकला होता. काकांनी हे सांगितलं तेव्हा ते ब्लेझर हातात घेऊन जिन्यावर बसलेले होते आणि कुणाकडेही बघत नव्हते.)

मग बाई आमच्या घरी आल्या. आईनं शिरा केला होता. बाईंनी बशी हातात घेतली आणि तशीच धरून बसल्या. उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत होत्या, ज्यानं शिडी धरली होती. मग त्यांनी मला विचारलं की ती सगळ्यांना कळवायची ओळ कधी घातलीस. काल, मी म्हटलं. का? मी खरं सांगितलं, तुमच्या भीतीनं.

"घाबरून लिहिलेल्या ओळीनं मी वाचले, म्हणून ती ओळ बरोबर ठरत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिनंच मला कोंडलं, म्हणून ती चूकही ठरत नाही. पण तुला दोन्हीतलं काहीच आधी माहीत नव्हतं. ते प्रकरण पुन्हा लिही."

मग त्यांनी शिरा खाल्ला आणि खाता खाता मला शिकवलं. आईनं लेकीला थांब म्हणून सांगावं, म्हणाल्या, पण थांबायचं कसं ते प्रत्येक लेकीचं वेगळं असतं. पंपाचं थांबणं म्हणजे बंद पडणं. दाराचं थांबणं म्हणजे उघडं राहणं. तुझ्या भाषेनं प्रत्येक लेकीकडून हे वदवून घेतलं पाहिजे, नाही सांगितलं तर तिला जन्मालाच येऊ देता कामा नये. मी टिपून घ्यायला पेन शोधत होते, तोवर सरांनी लिहून घेतलं. जाताना आईनं दारात बाईंना अडवलं आणि सरळ विचारलं, पोरगी पास की नापास. बाई चप्पल घालत म्हणाल्या, "शंका आहे. म्हणून थांबवलंय." आईला हे एकदम पटलं. मला त्या दिवशी एकटीला ते पटलं नाही.

सोसायटीची तातडीची मीटिंग झाली. चौथ्या मजल्यावरच्या कुंदाताईंनी पेट्या उखडून कांजूरच्याच डम्पिंगला टाकाव्यात असा ठराव मांडला. तेव्हा आई उभी राहिली. इतक्या वर्षांत ती मीटिंगला जायची ती चटई अंथरायला. म्हणाली, दार उघडं ठेवा, तो खटका परत बसवा, आणि पेट्या राहू द्या, त्या निदान विचारतात तरी. मग बसली. ठराव पडला. नंदकुमार काकांनी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला, तो कुणी स्वीकारला नाही, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही.

मी नवं प्रकरण लिहिलंय. आता 'सावध'मध्ये नवा लेक-साचा काढला की भाषा आधी विचारते, तू थांबणार कशी? उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. सर म्हणाले, बरं झालंय. (सरांच्या तोंडी हे म्हणजे फार झालं.) पण मामा, मी ठीक नाही. आंघोळ करताना, भाजी निवडताना मला एक आवाज ऐकू येतो, आणि तो बाईंचा नसतो, माझा असतो: दाब ना गं. आई हे ओळखून आहे. परवा जेवताना ती आपणहून म्हणाली की त्या दिवशी ती काही विचार करून थांबली नव्हती, तिला नुसती भीती वाटली होती, एवढंच. मग म्हणाली, आमटी घे अजून.

मामीला नमस्कार. तुमच्या मिहिरला म्हणावं इंजिनीअरिंगला यायचं असेल तर खुशाल ये, पण सिव्हिलला जा.

तुमची भाची,
सपना

ता. क. एक सांगायचं राहिलं. बाईंनी अट घातली आहे की दुसरी चाचणी मुंबईबाहेर, पाण्याच्याच पंपावर व्हायला हवी, जिथे मला रोज जाऊन बघता येणार नाही. तुमच्या विहिरीवरचा पंप मला यासाठी फार योग्य वाटतो. वरची सगळी हकीकत वाचून तुमचा विश्वास वाढला असेलच. नको असेल तर संकोच न करता कळवा.

ता. क. कळवायची तसदी घेऊ नका. पेटी निघाली आहे. पार्सलनं पाठवणार होते, पण आई म्हणाली आपटेल, मी नेते. मी खूप नको म्हटलं. बाबा गेल्यापासून ती एकटी ठाण्याच्या पुढे गेलेली नाही, आणि आता मंगरुळपीरपर्यंत येतेय, मांडीवर पेटी घेऊन. पेटी चालू होऊन नीट थांबायला शिकेपर्यंत राहणार आहे म्हणे. तिला तुमच्याकडे राहायचं होतं आणि निमित्त मिळत नव्हतं, असा माझा संशय आहे. तिला राहू द्या. हवं तितकं.

ता. क. हे पत्र तिच्याच हाती देतेय. त्यात फक्त पेटी बसवायची कृती आहे असं तिला सांगितलंय, तेव्हा मोठ्यानं वाचू नका.

ता. क. प्रवासात तिला उलटीची भीती वाटते म्हणून ती निघाल्यापासून काही खाणार नाही, आणि विचारलंत तर भूक नाही म्हणेल. आधी तिला जेवायला वाढा, पत्र मागाहून वाचा. (हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण आता वर जागा उरली नाही आणि तिची रिक्षा खाली उभी आहे.)